क्रेनिओसेक्रल थेरपीला जाण्यापूर्वी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यापासून सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक नवे पत्रक अधूनमधून घरात येऊ लागले आहे. डोके दुखते, मान धरते, झोप लागत नाही, बाळ रात्रभर रडते, मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, अशा सगळ्या तक्रारींवर ‘औषधाविना, वेदनेविना, केवळ हलक्या स्पर्शाने’ उपाय केला जाईल असे त्यात म्हटलेले असते आणि खाली ठळक अक्षरांत क्रेनिओसेक्रल थेरपी हे नाव असते. गुडघ्याच्या व्यायामासाठी राजारामपुरीत माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी परवा ते पत्रक पिशवीतून काढून माझ्यापुढे धरले आणि विचारले, “मॅडम, नुसता डोक्याला हात लावून मानदुखी घालवत्यात म्हणं, खरं काय हो?” त्यांना मी पाच मिनिटांत जे सांगितले ते खोटे नव्हते, पण फार अपुरे होते. राहिलेले उत्तर आपल्या स्तंभातून द्यावे, म्हणजे असाच प्रश्न पडलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडेल, असे वाटले म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी बावीस वर्षे फिजिओथेरपीचा व्यवसाय करते, सात वर्षांपूर्वी ही थेरपी शिकले आणि आजही मोजक्या रुग्णांना ती देते. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. पत्राखाली माझे नाव छापू नये ही विनंतीही त्यासाठीच आहे; नाव छापले तर हे पत्रसुद्धा एक पत्रकच ठरेल.

तिथे प्रत्यक्षात काय होते ते प्रथम सांगते, कारण पत्रकांत नेमके तेच लिहिलेले नसते. रुग्णाने अंगावरच्या सैल कपड्यांनिशी गादीच्या टेबलावर उताणे पडायचे असते. तेल लावत नाहीत, शेक देत नाहीत, कोणतेही यंत्र जोडत नाहीत, मान कटकन मोडण्याचा प्रकारही नसतो. थेरपिस्ट बहुधा पायांपासून सुरुवात करतो आणि दोन्ही टाचा तळहातांत धरून मिनिट-दोन मिनिटे स्वस्थ बसतो. मग तो एक हात कमरेच्या खालच्या हाडाखाली सरकवतो, काही वेळाने एक हात पाठीखाली आणि दुसरा बरगड्यांच्या कडेवर ठेवतो, आणि अखेरीस डोक्याशी स्टुलावर बसून कवटीचा मागचा भाग ओंजळीत घेतो. पाऊण तास ते तास एवढेच चालते. हाताचा दाब सुमारे ५ ग्रॅम असावा असे शिकवले जाते. दोन रुपयांचे नाणे तळहातावर ठेवून पाहिले तर त्याची साधारण कल्पना येईल. तालमीत लाल मातीवर अंग रगडून घेतलेल्या माणसाला हा उपचार आहे हेच मुळी पटत नाही. गंगावेशीकडच्या एका जुन्या पैलवानांनी माझ्याकडे पंधरा मिनिटे पडून राहिल्यावर डोळे उघडून विचारले होते, “सुरू कधी करणार?”

बरेच जण मध्येच झोपी जातात. पोटात गुरगुरणे, हातापायांत ऊब येणे, आपोआप एक दीर्घ श्वास सुटणे, हे नेहमीचे अनुभव आहेत. उठल्यावर काहींना हलके वाटते, काहींना किंचित गरगरते, क्वचित कोणाला दुसऱ्या दिवशी डोके जड वाटते किंवा थकवा येतो. त्यामुळे संपल्याबरोबर स्कूटरला किक मारून निघण्यापेक्षा पाच-दहा मिनिटे बसून पाणी पिऊन निघावे हे बरे.

आता नावाचा अर्थ पाहू. क्रेनियम म्हणजे कवटी. सेक्रम म्हणजे त्रिकास्थी, पाठीच्या कण्याच्या तळाशी पाच मणके एकजीव होऊन तयार झालेले, माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात; त्यांतले सर्वांत बाहेरचे आणि चिवट आवरण कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असते आणि तेथून खाली त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीपर्यंत एखाद्या लांब पिशवीसारखे उतरते. त्या पिशवीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर भरतो, दिवसाला जवळपास अर्धा लिटर नव्याने तयार होतो आणि तेवढाच रक्तात परत शोषला जातो. इथपर्यंतचे सारे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडेल आणि त्याबद्दल कोणाचेही दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते या पिशवीला स्वतःची एक लय आहे, ती हाताला कळते आणि हाताने सुधारता येते, असे म्हटल्यापासून.

ही कल्पना अमेरिकेतली आहे. आपल्याकडे काही ठिकाणी तिला प्राचीन ऋषिमुनींची विद्या म्हणून सांगतात, ते निव्वळ चूक आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने मिसुरी राज्यातील कर्कस्व्हिल या गावी १८९२ साली ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय काढले. हाडे आणि सांधे जागेवर आणले की शरीर स्वतःला बरे करते, असा त्याचा सिद्धांत होता. आपल्या हाडवैद्यांना हा विचार परका वाटला नसता. याच विद्यालयात शिकणाऱ्या विल्यम गार्नर सदरलँड या तरुणाने सुट्या केलेल्या कवटीची हाडे मांडून ठेवलेली पाहिली. कानशिलाजवळच्या हाडांच्या तिरप्या कडा त्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या, आणि कल्ले ज्याअर्थी श्वासासाठी असतात त्याअर्थी कवटीची हाडेही श्वासासारखी उघडमीट करीत असली पाहिजेत, असा विचार त्याच्या मनात घर करून बसला. पुढे कित्येक वर्षे तो स्वतःच्याच डोक्याला पट्टे आवळून काय होते ते पाहत राहिला आणि १९३९ साली त्याने आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. दिसण्यातल्या साम्यावरून कार्याचा अंदाज बांधणे ही शास्त्रात वाईट सुरुवात नसते, पण ती सुरुवातच असते.

सदरलँडची पद्धत ऑस्टिओपॅथ डॉक्टरांपुरती राहिली. ती सर्वांसाठी खुली केली जॉन अपलेजर यांनी. १९७०च्या सुमारास मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदतनीस म्हणून उभे असताना मज्जारज्जूवरचे आवरण चिमट्याने स्थिर धरून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते आवरण त्यांना स्थिर धरता येईना, ते नाडीशीही नाही आणि श्वासाशीही नाही अशा संथ लयीत हलत राहिले, असे ते सांगत. १९७५ पासून त्यांनी मिशिगन राज्य विद्यापीठात या विषयावर काम केले, १९८३ मध्ये या थेरपीचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. डॉक्टर नसलेल्यांनाही, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि मसाज करणाऱ्यांनाही, त्यांनी ही पद्धत शिकवली. अपलेजर २०१२ साली वारले; त्यांची पद्धत आज जगभर पसरली आहे आणि मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांतून ती आपल्या शहरापर्यंत पोहोचली आहे.

अपलेजर यांच्या शिकवणीनुसार ही लय मिनिटाला ६ ते १२ आवर्तनांची असते. ती जिथे अडखळते तिथे आवरणात ताण असतो, आणि हलक्या स्पर्शाने तो ताण सुटला की वेदना कमी होते. ऐकायला हे सुसंगत वाटते. मलाही वाटले होते.

माझा पहिला अभ्यासक्रम चार दिवसांचा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघींना एकाच स्वयंसेवकाची लय मोजायला सांगितली. मी डोक्याशी बसले, माझी मैत्रीण पायांशी. मिनिटभराने कागदावर आकडे लिहायचे होते. मी ९ लिहिले, तिने ६ लिहिले. पुन्हा मोजले, तेव्हा माझे ७ आले आणि तिचे ११. शिक्षकांनी समजावले की हाताला सराव नाही, हळूहळू जमेल. पुढे वाचन केल्यावर लक्षात आले की हा प्रयोग आमच्याआधी कसलेल्या लोकांनीही करून पाहिला होता. १९९८ साली अमेरिकेत दोन प्रशिक्षित तपासनीसांनी २८ प्रौढांची लय एकाच वेळी, एकाने डोक्याशी आणि दुसऱ्याने पायांशी बसून मोजली, तेव्हा त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. त्याआधीच्या आणि नंतरच्या तशाच तपासण्यांतूनही हेच निघाले. एकाच नाडीवर दोन वैद्यांनी बोट ठेवले आणि दोघांचे ठोके वेगळे भरले, तर आपण नाडीवर नव्हे, मोजणीवर शंका घेऊ; पण दर वेळी प्रत्येकाचे वेगळेच भरू लागले, तर मोजतोय ती वस्तू तिथे आहे का, असा प्रश्न विचारावाच लागतो. त्या द्रवात स्पंदने नक्कीच असतात. एमआरआयच्या साहाय्याने ती पाहता येतात आणि ती हृदयाच्या ठोक्यांमुळे व श्वासामुळे होतात. रक्तदाबातही मिनिटाला साधारण सहा या गतीने मंद चढउतार होत असतात आणि हाताला जाणवते ते बहुधा तेच असावे, असे काही ऑस्टिओपॅथांचेही मत आहे. मोजणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांतली नाडी आणि स्वतःचा श्वास यांचाही त्यात वाटा असू शकतो.

दुसरा मुद्दा हाडे हलण्याचा. हा समजायला मराठी घरातल्या बायांना पुस्तक लागत नाही. बाळाच्या टाळूला तेल भरताना तिथली मऊ जागा आणि तिच्याखालची धडधड प्रत्येकीने पाहिलेली असते. ती टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, आणि भरते याचा अर्थच हाडे जवळ येऊन एकमेकांत गुंतू लागतात असा आहे. मोठेपणी कवटीचे सांधे करवतीच्या दात्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात आणि वयाबरोबर ते हळूहळू सांधले जातात. त्यांत अगदी सूक्ष्म लवचीकपणा राहत असेलही. पण दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या दाबाने ते जागेवर आणता येतात, हे मानणे अवघड आहे. २००६ साली अमेरिकेत प्रौढ सशांच्या कवटीच्या सांध्यावर ५ ते २० ग्रॅमचा ताण देऊन पाहिला गेला, तेव्हा ना सांधा हलला ना कवटीच्या आतला दाब बदलला. ससा म्हणजे माणूस नव्हे हे खरे, पण सशाची कवटी माणसाच्या कवटीपेक्षा पातळ असते हेही खरे.

मग तुम्ही ही थेरपी देता कशाला, असे वाचक विचारतील. विचारलेच पाहिजे.

कारण काही रुग्णांना बरे वाटते, आणि ते केवळ माझे निरीक्षण नाही. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ५४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्यांना आठ आठवडे ही थेरपी दिली आणि उरलेल्यांना तशाच टेबलावर, तशाच शांततेत नुसता हलका हात ठेवून बनावट उपचार दिला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. खऱ्या थेरपीच्या गटात वेदना अधिक कमी झाली आणि विसाव्या आठवड्यातही तो फरक टिकून होता. त्याच संशोधकांच्या गटाने नंतर दहा चाचण्यांतील ६८१ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हाही जुनाट दुखण्यांत काहीसा फायदा दिसला. उलट बाजूही तितकीच ठळक आहे. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २०१२ साली सहा चाचण्या तपासून असे म्हटले की काटेकोरपणे केलेल्या चाचण्यांत या थेरपीचा विशेष परिणाम सिद्ध होत नाही, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानेही कोणत्याच आजारात ठोस लाभ आढळला नाही असा निष्कर्ष काढला. चाचण्या छोट्या आहेत, थोड्या आहेत, आणि थेरपी देणाऱ्याला तरी आपण काय देतो आहोत हे माहीत असतेच, ही त्यांची न टळणारी अडचण आहे.

माझे स्वतःचे मत असे झाले आहे की उपयोग होतो तो लयीमुळे नव्हे. सकाळी सहाला उठून डबे करणारी, दिवसभर शिवणयंत्रावर किंवा संगणकावर वाकून बसणारी, रात्री अकराला भांडी आवरून आडवी होणारी बाई तासभर काही न करता पडून राहते, कोणीतरी तिचे डोके दोन्ही हातांत धरून गप्प बसते, तिच्याशी बोलत नाही, तिला काही विचारत नाही. मानेच्या मागच्या बारीक स्नायूंना आधार मिळाला की ते सैलावतात, श्वास खोल जातो, नाडी संथ होते. हुपरीहून येणाऱ्या, चांदीच्या घडणावळीवर दिवसाचे दहा तास मान खाली घालून बसणाऱ्या एका कारागिरांनी तिसऱ्या वेळी मला सांगितले, “मान तशी थोडीच हलकी झाली, पण झोप चांगली लागली.” ताणामुळे होणारी डोकेदुखी, जुनाट मानदुखी, रात्री दात खाण्याच्या सवयीने धरलेला जबडा, अशा तक्रारींत मी ही थेरपी व्यायामाच्या जोडीला देते, व्यायामाच्या ऐवजी नव्हे. त्या कारागिरांच्या कामाच्या पाटाची उंची वाढवल्याने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या हाताने पडला नाही, हेही इथे नमूद करते.

पाठ्यपुस्तकातली एक युक्ती तर फुकटात घरी करता येते. एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घट्ट बांधायचे, उताणे पडून ते डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली दोन्ही बाजूंना एकेक येतील असे ठेवायचे आणि दहा मिनिटे डोळे मिटून पडून राहायचे. पुढे ज्यांची नावे येणार आहेत त्या आजारांच्या रुग्णांनी मात्र हेही करू नये.

आता ज्या कारणासाठी मी खरे तर लेखणी उचलली त्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारे चाळिशीतले गृहस्थ माझ्याकडे मानदुखीसाठी आले. डोके तीन महिने दुखत होते, सकाळी उठताना अधिक, खोकला आला की आणखी अधिक, आणि अलीकडे एकाची दोन दिसू लागली होती. या तीन महिन्यांत त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी याच थेरपीची नऊ सत्रे घेतली होती. “ताण बाहेर पडतोय, म्हणून दुखणं वाढतंय,” असे त्यांना तिथे सांगितले होते. मी त्यांच्या डोक्याला हात लावला नाही. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयमध्ये गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि आज ते कामावर आहेत. पण तीन महिने गेले ते गेलेच. त्या ठिकाणच्या व्यक्तीचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. तिला तपासता येत नव्हते, आणि आपल्याला तपासता येत नाही हे तिला ठाऊक नव्हते.

म्हणून हे लक्षात ठेवावे. डोकेदुखी अचानक, क्षणार्धात, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी उठली असेल. तिच्याबरोबर ताप आणि मान ताठरणे असेल. एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, बोलणे अडखळत असेल, दृष्टी बदलली असेल. सकाळी उलट्या होत असतील. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोके सतत दुखू लागले असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. मानदुखीबरोबर हाताची पकड सुटत असेल किंवा चालताना तोल जात असेल तरीही तेच. आणि ज्यांच्या मेंदूत अलीकडे रक्तस्राव झाला आहे, रक्तवाहिनीला फुगा आहे, कवटीतला दाब वाढलेला आहे, कवटीला तडा गेला आहे, पाठीतून पाणी काढून नुकतेच तपासले आहे किंवा मेंदूतले पाणी वाहून नेण्यासाठी नळी बसवली आहे, त्यांनी ही थेरपी घेऊ नये. स्पर्श हलका आहे म्हणून अपाय होऊच शकत नाही, हे पत्रकांतले वाक्य खरे नाही. मेंदूला मार लागलेल्या ५५ रुग्णांच्या एका अमेरिकन पाहणीत, जी १९९५ साली प्रसिद्ध झाली, तिघांना या उपचारानंतर त्रास झाल्याचे ऑस्टिओपॅथांनीच नोंदवले आहे.

बाळांबद्दल माझे मत अधिक कडक आहे. मोहरीच्या उशीवर बाळाचे डोके गोल करण्याची आपली रीत जुनी आहे, त्यामुळे डोके दाबून आकार सुधारतो यावर आपला विश्वास पटकन बसतो. एका कुशीवर सतत निजल्याने डोके एका बाजूने चपटे झाले असेल, तर बाळ जागे असताना आपल्या नजरेसमोर पालथे ठेवणे आणि मान दोन्हीकडे वळेल असे खेळवणे, एवढ्याने बहुतेकांत सुधारणा होते. आणि कवटीचे सांधे वेळेआधीच जुळल्यामुळे आकार बिघडला असेल, तर त्याला शस्त्रक्रियेची गरज लागू शकते. या दोहोंतला फरक बालरोगतज्ज्ञाने ओळखायचा असतो. रात्री रडणारी बहुतेक तान्ही बाळे तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप शांत होतात आणि तेवढ्यात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते, मग तो ओव्याचा शेक असो की दर आठवड्याला पैसे मोजून घेतलेले सत्र असो. मी स्वतः दोन वर्षांखालच्या मुलांना ही थेरपी देत नाही. स्वमग्नता, फिट्स, मतिमंदत्व यांवर ती उपाय म्हणून विकली जाते, तेव्हा थकलेल्या आईबापांकडून आशेचे पैसे घेतले जातात, असे मला वाटते. आणि चालू असलेले फिट्सचे औषध कोणी बंद करायला सांगितले, तर तिथून तत्काळ उठावे.

टेबलावर कधी कधी माणसे रडतात. या थेरपीतला एक पंथ मानतो की जुने मानसिक आघात शरीरात साठून राहतात आणि असे ‘मोकळे’ होतात. शांत जागी, कोणाच्या हाती डोके देऊन पडल्यावर रडू येणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून कोणी आपल्याला बालपणी काय घडले असेल ते सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. मन खरेच जड असेल तर त्याचे शिक्षण घेतलेला मानसोपचारतज्ज्ञ आपल्या शहरात आहे.

कोणाकडे जावे हा व्यवहाराचा प्रश्न राहतो. या थेरपीसाठी आपल्याकडे स्वतंत्र सरकारी पदवी नाही की नोंदणी नाही. चार दिवसांची कार्यशाळा करून आलेली व्यक्तीही भिंतीवर मोठे प्रमाणपत्र लावू शकते. म्हणून समोरच्या व्यक्तीची मूळ पदवी कोणती, ती डॉक्टर आहे की फिजिओथेरपिस्ट, तिची नोंदणी कुठे आहे, हे विचारावे. विचारल्याचा राग आला तर तेही उत्तरच समजावे. आधीचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय आणि दहा मिनिटे प्रश्न विचारल्याशिवाय जो टेबलाकडे बोट दाखवतो त्याच्याकडे पडू नये. दहा सत्रांचे पैसे आगाऊ भरून घेणारी योजना घेऊ नये. मी चार सत्रांनंतर रुग्णाला सरळ विचारते, आणि फरक नसेल तर तिथेच थांबते. बंद खोलीत एकट्या बाईमाणसाला संकोच वाटत असेल तर सोबत कोणाला तरी बसवून घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि कपडे उतरवण्याची या थेरपीत कधीही गरज नसते. दर वेळी पावती घ्यावी. पैसे देऊन घेतलेली ही सेवा असल्यामुळे, आजार हमखास बरा करण्याचे खोटे आश्वासन दिले गेले असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि तिथे पावती व ते पत्रक हाच पुरावा असतो.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. घडीत घातलेल्या पत्रकांवर आपले नियंत्रण नसते हे मी जाणते, पण आपल्या पानांवर छापल्या जाणाऱ्या अशा जाहिरातींत उपचार करणाऱ्याची मूळ पदवी आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय ती स्वीकारू नये, आणि तान्ही बाळे किंवा फिट्स यांचा उल्लेख असेल तर ती मुळीच छापू नये. असा नियम आपण केलात तर माझ्यासारख्यांच्या जाहिरातींनाही तो लागू होईल, आणि त्याला माझी हरकत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट
राजारामपुरी, कोल्हापूर